रोबोटची उंची

हौशी नाटकात उंच माणसाच्या वाट्याला ठरलेल्या भूमिका येतात. राक्षस, पहारेकरी, यमदूत, फार तर हवालदार. माझी उंची ६ फूट ४ इंच. कॉलेजात एकांकिकांच्या तालमींना जायला लागलो तेव्हापासून हे अनुभवत आलो. वाचन सुरू व्हायच्या आधीच दिग्दर्शक माझ्याकडे बघून म्हणायचे, ‘चला, राक्षस मिळाला.’ मला दोन वाक्यं वाचायला लावावीत असं कुणाला वाटायचंच नाही. देह बघितला की निवड झाली. याचं मला तेव्हा वाईट वाटायचं आणि आजही वाटतं, कारण अंगकाठी ही नटाजवळच्या अनेक गोष्टींपैकी एक आहे. पण त्याच अंगकाठीमुळे मला एकदा रोबोट व्हायला मिळालं, आणि तेव्हापासून विज्ञानपटांतले भयंकर यंत्रमानव मी वेगळ्याच नजरेने बघायला लागलो.

नाटक सांगलीतल्या एका हौशी संस्थेचं होतं, लहान मुलांसाठीचं. त्यातला खलनायक रोबोट गावातली सगळी मुलं पळवून नेतो आणि त्यांना दिवसरात्र गणितं सोडवायला बसवतो. माझा पोशाख जाड फोमशीटचा होता. चप्पल शिवणारे वापरतात त्या सोल्यूशनने तुकडे जोडलेले, वर चंदेरी रंगाचे दोन हात. डोक्यावर कापून आकार दिलेली प्लास्टिकची बादली, आणि डोळ्यांच्या जागी एक आडवी फट, तिला आतून लाल जिलेटिन पेपर. बुटांना लाकडी ठोकळे ठोकून आणखी चार-पाच बोटं उंची वाढवली होती, म्हणजे आधीच उंच असलेल्याला अजून उंच केलं होतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा ऐकू येतो तो आपलाच श्वास. बाहेरचे संवाद त्याच्या मागून येतात, तेही पुसट. घाम कपाळावरून थेट डोळ्यांत उतरतो आणि तो पुसता येत नाही, कारण हाताची बोटं चंदेरी हातमोज्यांत आणि डोळे बादलीत. स्वतःचे पाय दिसत नाहीत. विंगेतला एक मुलगा टॉर्च खाली धरून मला एन्ट्रीच्या जागेपर्यंत नेऊन उभा करायचा. बाहेरून बघणाऱ्यांना जो प्रचंड, अजिंक्य वगैरे दिसत होता, तो आतून एक आंधळा, घामाघूम झालेला आणि दुसऱ्याच्या हाताला धरून चालणारा माणूस होता. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

सुरुवातीला आमच्या दिग्दर्शकांनी मला दणादण पाय आपटत यायला, दोन्ही हात फिरवायला आणि गडगडाटी हसायला सांगितलं होतं. मी तसं करायचो आणि मुलं खूश व्हायची. टाळ्या पिटायची, नावं ठेवायची, खुर्चीवर उभी राहायची. भ्यायचं मात्र कुणी नाही. मग एका प्रयोगात बादली डोक्यावर जराशी फिरली आणि फट एका बाजूला सरकली. मला समोरचं काही दिसेना. मी जागच्या जागी थांबलो. नेमक्या त्याच वेळी पुढच्या रांगेतून एक पोरगा ओरडला, ‘ए डबड्या!’ आवाज डावीकडून आला होता. मान वळायची सोय पोशाखात नव्हती. म्हणून मी आधी पाय वळवले, मग कंबर, मग खांदे, आणि शेवटी त्या फटीतून तो दिसेपर्यंत सगळा देह हळूहळू त्याच्याकडे फिरवला. सापडला तेव्हा तसाच बघत उभा राहिलो. नाट्यगृह एकदम शांत झालं. तो पोरगा आईच्या मांडीवर चढून बसला. मी हात उचलला नव्हता, तोंडातून शब्द काढला नव्हता. मध्यंतरात दिग्दर्शकांना सांगितलं. जाणता माणूस, पटकन ओळखलं त्यांनी. पुढच्या प्रयोगापासून माझं हसणं काढून टाकलं, निम्मी वाक्यं काढली आणि ते वळणं तेवढं ठेवलं.

त्यानंतर काही वर्षांनी एका मित्राकडे ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ बघितला, रॉबर्ट वाइजने दिग्दर्शित केलेला १९५१चा चित्रपट. वॉशिंग्टनमध्ये एक तबकडी उतरते. तिच्यातून माणसासारखा दिसणारा क्लाटू बाहेर येतो आणि त्याच्यामागून गॉर्ट नावाचा रोबोट. गॉर्टच्या डोळ्यांच्या जागी एक झडप आहे. ती सावकाश वर जाते, आतून झोत येतो आणि समोरच्या सैन्याच्या बंदुका, तोफा, रणगाडे नाहीसे होतात. हे काम केलेल्या माणसाचं नाव लॉक मार्टिन. उंची सात फुटांच्या वर. हॉलिवूडच्या प्रसिद्ध ग्रॉमन्स चायनीज थिएटरच्या दारावर तो काम करायचा. त्याला घेण्याचं कारण त्याची उंची, एवढंच.

त्याच्या पोशाखाची माहिती वाचली तेव्हा मी अक्षरशः अंग चोरून बसलो होतो. फोम रबरचा जाड पोशाख, आणि तोही दोन प्रकारचा. एकाची शिवण आणि बांधणी पुढून, दुसऱ्याची मागून. पाठमोरा गॉर्ट दाखवायचा तर पुढून बांधलेला पोशाख घालायचा, समोरून दाखवायचा तर मागून बांधलेला. त्यामुळे प्रेक्षकाला जोड कुठेच दिसत नाही, अखंड धातू ओतल्यासारखा वाटतो. पायांत उंची वाढवणारे बूट होतेच. श्वासासाठी हनुवटीखाली भोकं. मार्टिनची प्रकृती नाजूक होती, म्हणून वाइजने त्याला एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त पोशाखात ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. चित्रपटात गॉर्ट पॅट्रिशिया नील या नायिकेला दोन हातांवर उचलून तबकडीत नेतो. प्रत्यक्षात मार्टिनला ते वजन झेपत नव्हतं. तिचा भार तारांनी पेलला होता. पडद्यावर ज्याच्यापुढे रणगाडे वितळतात, त्याला एक बाई उचलवत नव्हती. हे वाचून कुणी हसलं तर मला त्रास होतो. इतका उंच देह सांभाळत, नीट दिसत नसताना, तापलेल्या रबरात तो माणूस असा चालला आहे, की सत्तर वर्षांनंतरही त्याच्या पावलांत घाई सापडत नाही. हे काम उंचीने होत नाही.

जिथे गॉर्टने हलायचं नव्हतं तिथे बऱ्याचदा फायबरग्लासचा पुतळा उभा केला होता. मग नटाची गरज काय, असं एका मित्राने मला विचारलं. मी त्याला तो प्रसंग पुन्हा दाखवला, रात्री तबकडीपाशी दोन सैनिक पहाऱ्यावर उभे आहेत तो. गॉर्ट हलत नाही. पण तो चालू शकतो हे आपण आधी बघितलेलं असतं, म्हणून प्रत्येक क्षणाला वाटतं, आता हलेल. ते आधीचं चालणं मार्टिनचं आहे. त्याच्या जिवावरच पुतळ्याला स्वस्थ उभं राहता येतं.

यानंतर मला एक छंदच लागला. रोबोट दिसला की आत कोण आहे, त्याची उंची किती, त्याला का घेतलं, हे शोधायचं. १९५६च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधला रॉबी हा मोठ्या घुमटाच्या डोक्याचा, गोल पायांचा, भरभक्कम रोबोट. त्याच्या आत फ्रँकी डॅरो नावाचा बुटका नट होता, कारण ते अवजड कवच आधीच इतकं उंच होतं, की आतला माणूस लहान असणंच सोयीचं. आवाज तिसऱ्याचाच, मार्विन मिलरचा. गंमत अशी, की रॉबी स्वभावाने अगदी सालस आहे, माणसाला इजा करायची वेळ आली तर त्याची यंत्रणाच अडखळते. पण चित्रपटाच्या पोस्टरवर तो एका बेशुद्ध तरुणीला उचलून उभा आहे, जणू पळवून नेतोय. असा प्रसंग चित्रपटात नाही. पोस्टर करणाऱ्यांनाही आमच्या दिग्दर्शकांसारखंच वाटलं असणार: मोठा आहे ना, मग दुष्टच असला पाहिजे.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो १९८४च्या ‘द टर्मिनेटर’ने. जेम्स कॅमेरॉनच्या मनात सुरुवातीला टर्मिनेटर होता तो धिप्पाड नव्हताच. भविष्यातून आलेला हा मारेकरी माणसांच्या गर्दीत मिसळून जावा, कुणाच्या नजरेत भरू नये, अशी कल्पना होती. त्यासाठी लान्स हेन्रिक्सन हा सडपातळ, कोरलेल्या चेहऱ्याचा नट त्याच्या डोळ्यांपुढे होता. कॅमेरॉनने काढलेल्या आरंभीच्या चित्रांत टर्मिनेटरला हेन्रिक्सनचाच चेहरा आहे. अर्नोल्ड श्वार्झनेगरचं नाव आलं ते नायकासाठी, काइल रीसच्या भूमिकेसाठी. तो भेटायला आला आणि नायकाऐवजी त्या यंत्राबद्दलच बोलत राहिला, त्याने कसं चालावं, बंदूक कशी हाताळावी. कॅमेरॉनचं मन तिथेच फिरलं.

तर्काला धरून बघितलं तर ही निवड चुकीची आहे. सात वेळा मिस्टर ऑलिम्पिया झालेला माणूस लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर लपणार कसा? तो दारातून आत आला की सगळे वळून बघणारच. कथेतला ‘मिसळून जाणारा मारेकरी’ त्याच क्षणी संपतो. पण त्याच्या जागी दुसरं काही येतं. श्वार्झनेगरचा देह आधीच माणसाच्या मापाबाहेरचा होता. त्याच्या कातडीखाली पोलाद आहे असं सांगितलं तर शंका घ्यावीशी वाटत नाही. आणि त्याने त्या देहावर केलेलं काम बघा. हत्यारं खाली न बघता भरता यावीत, हाताळता यावीत म्हणून त्याने भरपूर सराव केला होता. गाडी चालवताना तो माणूस शोधतो तेव्हा आधी डोळे सरकतात आणि मागून डोकं वळतं. माझ्या बादलीत जे अडचणीमुळे घडलं होतं, ते तो समजून, ठरवून करत होता. एवढ्या स्नायूंचा माणूस, पण तो ताकद लावताना दिसत नाही. दार तोडतानाही चेहऱ्यावर जोर नाही. ताकदवान माणसाने जोर लावला की आपण त्याला माणूस समजतो. हा लावत नाही.

शेवटाकडे आगीत त्याची कातडी आणि स्नायू जळून जातात आणि स्टॅन विन्स्टनने घडवलेला पोलादी सांगाडा उभा राहतो. इथे मी नेहमी थबकतो, कारण तो सांगाडा श्वार्झनेगरपेक्षा कितीतरी बारीक आहे. ज्या देहासाठी त्याला घेतलं तो देहच काढून टाकला आहे. त्यानंतर तो लंगडतो, त्यानंतर त्याचे पाय जातात, त्यानंतर उरतो फक्त कंबरेच्या वरचा भाग, हातांनी जमीन ओरबाडत, जिला मारायला तो आला आहे त्या सारा कॉनरच्या मागे सरपटणारा. आकार कमी कमी होत जातो आणि भीती वाढत जाते. लहान होत जाऊनही तो थांबत नाही म्हणूनच.

याच्या उलट काय होतं, ते १९८७च्या ‘रोबोकॉप’मधल्या ईडी-२०९ने दाखवून दिलं. दोन पायांवर उभं असलेलं, हातांच्या जागी तोफा असलेलं अजस्र यंत्र. एका बैठकीत ते शस्त्र खाली टाकलेल्या माणसालाही गोळ्या घालतं, तेव्हा बघवत नाही. पण पुढे ते जिन्यापाशी येतं, पाऊल पायरीवर नीट मावत नाही, आणि कोसळून उताणं पडून पिलासारखं केकाटतं. फिल टिपेटने स्टॉप-मोशन पद्धतीने, लहान प्रतिकृती चौकटीगणिक किंचित हलवत, ते घडवलं आहे. जिन्यापाशी त्याचा आकारच त्याला नडतो. त्याच्यासमोर पीटर वेलर हा शिडशिडीत नट रोबोकॉपच्या चिलखतात आहे, आणि चिलखत घालूनही तो बेढब दिसत नाही ते त्याच्या बारीक अंगामुळेच. पोशाखात हालचाल कशी करायची हे त्याने मूकाभिनयाचे शिक्षक मोनी याकिम यांच्याकडून शिकून घेतलं होतं.

मी स्वतः उंच असल्यामुळे की काय, पण आता मला जास्त ओढ लागली आहे ती बेताच्या बांध्याच्या रोबोटांची. १९७३च्या ‘वेस्टवर्ल्ड’मध्ये युल ब्रिनर आहे. लेखक-दिग्दर्शक मायकेल क्रायटन. श्रीमंत पाहुण्यांनी पैसे भरून जुन्या अमेरिकन पश्चिमेत राहायचं आणि रोबोटांना गोळ्या घालून मजा करायची, असं ते करमणूक-केंद्र. ब्रिनरने ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मध्ये केलेल्या भूमिकेचाच काळा वेश त्याला इथे दिला आहे, म्हणजे प्रेक्षक ज्याला नायक म्हणून ओळखतो तोच आता यंत्र होऊन समोर येतो. ही पात्रनिवड फार हुशारीची आहे. ब्रिनर मध्यम उंचीचा. त्याच्यासमोरचे दोघे पाहुणे, जेम्स ब्रोलिन आणि रिचर्ड बेंजामिन, दोघेही त्याच्यापेक्षा चांगलेच उंच. पहिल्या दोन झटापटींत रोबोट मरतो आणि दोघांना मजा येते. तिसऱ्या वेळी तो रस्त्यात उभा राहतो आणि ब्रोलिन कोसळतो. गोळी लागल्यावर ब्रोलिनच्या चेहऱ्यावर वेदनेच्याही आधी आश्चर्य येतं. मग ब्रिनर बेंजामिनच्या मागे लागतो. पळत नाही. चालतो. अंगठे पट्ट्यापाशी, पाठ ताठ, डोळ्यांत चकाकणाऱ्या लेन्स. तळघरातल्या लांब बोळांतून त्याच्या बुटांचा आवाज एकाच लयीत येत राहतो. उंच माणूस पळतोय आणि त्याच्याहून बुटका चालत येऊन त्याला गाठतोय, हे बघताना मला स्वतःच्या उंचीचा काहीच आधार वाटत नाही.

‘एलियन’ (१९७९) मध्ये तर एकाच चित्रपटात दोन्ही टोकं आहेत. तो परग्रहावरचा प्राणी साकारला बोलाजी बडेजो या अतिशय उंच, लांब हातापायांच्या नायजेरियन तरुणाने. त्याला घेतलं तेही त्याच्या देहासाठीच. आणि अंतराळजहाजावरचा विज्ञान-अधिकारी अॅश, जो रोबोट आहे हे निम्म्याहून जास्त चित्रपट होईपर्यंत कुणाला कळत नाही, तो इयान होम, ठेंगणा, मऊ चेहऱ्याचा, बँकेत भेटला तर आपण विश्वासाने कागद त्याच्या हातात देऊ असा. तो नायिका झालेल्या सिगर्नी वीव्हरवर हल्ला करतो तेव्हा ती त्याच्यापेक्षा उंच आहे. मासिकाची गुंडाळी करून तो तिच्या तोंडात कोंबतो. याफेट कोटोसारखा आडदांड माणूस मदतीला धावतो आणि अॅशच्या एका हाताच्या पकडीत अडकतो. मग डोकं मोडतं आणि आतून दुधासारखा पांढरा द्रव उडतो. एवढ्याशा माणसात एवढी ताकद कुठून, हा प्रश्न आपल्या मनात येतो आणि उत्तर त्या पांढऱ्या रंगात मिळतं. अॅशच्या जागी धिप्पाड नट असता तर हा प्रश्नच पडला नसता.

कॅमेरॉनने ही गोष्ट मनात धरून ठेवली असावी असं मला वाटतं. ‘एलियन्स’ (१९८६) मध्ये त्याने हेन्रिक्सनला बिशप नावाचा यंत्रमानव केलं, सौम्य आणि भरवशाचा. आणि ‘टर्मिनेटर २’ (१९९१) मध्ये तो आपल्या मूळ कल्पनेकडे परतला. या वेळी मारेकरी आहे रॉबर्ट पॅट्रिक, शेलाटा, पोलिसाच्या गणवेशातला, दारात उभा राहून नम्रपणे चौकशी करणारा. श्वार्झनेगर रणगाडा असेल तर हा पोर्शे गाडी, अशी कॅमेरॉनची त्यामागची कल्पना होती. पॅट्रिकने तोंड मिटून, नाकाने श्वास घेत धावण्याचा सराव केला, म्हणजे वेगात पळतानाही दम लागल्याचं दिसू नये. गोळी झाडताना पापणी लवू नये याचाही. संगणकाने घडवलेली द्रव धातूची दृश्यं त्या चित्रपटात मोजकी मिनिटंच आहेत. बाकी सगळा वेळ ते भय पॅट्रिकच्या फुप्फुसांनी आणि पापण्यांनी पेललं आहे. आणि मोठा, आडदांड श्वार्झनेगर तिथे एका मुलाचा रक्षक झाला आहे. मला हे बघून फार बरं वाटलं होतं. मोठ्या देहाला पडद्यावर प्रेमळ होण्याची परवानगी मिळाली.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर शंकरचा ‘एंधिरन’ (२०१०), हिंदीत ‘रोबोट’ म्हणून आलेला. रजनीकांत, बंगळूरच्या मराठी घरातले शिवाजीराव गायकवाड, त्यात शास्त्रज्ञही आहेत आणि त्याने बनवलेला रोबोट चिट्टीही. अंगाने ते किरकोळच. शेवटी शेकडो चिट्टी एकमेकांना जोडून प्रचंड गोळा, साप, महाकाय माणूस असे आकार धरतात, आणि लोकांना तेच आठवतं. मला आठवतो तो आधीचा प्रसंग. शास्त्रज्ञ रोबोटचा वेश घेऊन त्यांच्या रांगांत लपला आहे आणि चिट्टी प्रत्येकाचा चेहरा निरखत, बकरीसारखं ‘मेंऽऽ’ करत हिंडतो आहे. तिथे संगणक कमी आणि रजनीकांत जास्त आहेत. मान किती वळवायची आणि कुठे थांबायचं हे त्यांना ठाऊक आहे. त्यापुढे तो महाकाय आकार मला आतषबाजी वाटतो.

सिनेमातल्या यंत्रमानवांच्या या सगळ्या घराण्याची मूळ आई म्हणावी अशी होती फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) मधली स्त्री-रोबोट, आणि तिच्या पोशाखात होती ब्रिगिट हेल्म, विशीही न गाठलेली मुलगी. शिल्पकार वाल्टर शुल्झ-मिटेनडॉर्फने तिच्या अंगाच्या साच्यावर ते कवच बेतलं होतं. ते टोचायचं, काचायचं. शंभर वर्षं होत आली तरी ती खुर्चीतून उठते तो क्षण जुना झालेला नाही. म्हणजे पहिल्याच मोठ्या रोबोटने सांगून ठेवलं होतं, की यासाठी धिप्पाड पुरुष लागत नाही. आपण मात्र धिप्पाड पुरुषच शोधत राहिलो.

गेली काही वर्षं मी मुलांची नाट्यशिबिरं घेतो. त्यात एक खेळ असतो: तुम्ही रोबोट आहात, समोरच्याकडून पेन्सिल मागून आणा. बहुतेक मुलगे हात ताठ करतात, पाय आपटतात, ‘बीप बीप’ करतात. एका शिबिरात सर्वांत लहानखुरी मुलगी उठली, पाचवीतली असेल. साधी चालत गेली. समोरच्या मुलाजवळ जिथे थांबायला हवं होतं त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन थांबली. ‘मला तुझी पेन्सिल दे.’ तो म्हणाला, ‘नाही.’ ती तेवढाच वेळ थांबली आणि त्याच आवाजात, त्याच पट्टीत म्हणाली, ‘मला तुझी पेन्सिल दे.’ आवाज चढला नाही, कपाळावर आठी नाही. तिसऱ्या वेळी त्या मुलाने पेन्सिल दिली आणि खुर्ची मागे सरकवली. तो तिच्या दीडपट होता. नंतर ‘मेगन’ (२०२२) बघितला तेव्हा मला तीच आठवली. त्यातल्या बाहुलीचं शरीर म्हणजे एमी डोनाल्ड ही न्यूझीलंडची लहान नर्तिका, आवाज दुसऱ्या मुलीचा. बोळातला तो प्रसिद्ध नाच, चार पायांवर धावणं, सगळं एका शाळकरी मुलीच्या अंगातून आलेलं आहे.

मोठ्या देहाची भीती लांबून कळते आणि पळायला वेळ देते. लहान देहाला आपण जवळ येऊ देतो. भय घडवायचं तर दोन्ही उपयोगाचे आहेत, पण दोन्हींत नट श्वास, पापणी, मान यांचं काय करतो त्यावर सगळं ठरतं. म्हणून रोबोटची भूमिका निवडताना मी आता मुलांना आधी सभागृहाच्या दोन फेऱ्या पळायला लावतो, मग तोंड मिटून उभं करतो, आणि कुणाचे खांदे आधी शांत होतात ते बघतो.

सध्या बसवत असलेल्या नाटकात तीच मुलगी रोबोट आहे, आता सातवीत गेली. तिच्याबरोबर नववीतला एक ताडमाड वाढलेला मुलगा आहे. त्याच्या घरच्यांना तो रोबोट होणार असंच वाटलं होतं. तो शिंपी झाला आहे, कारण शिंप्याची वाक्यं ज्या मुलांनी वाचली त्यांत त्याचं वाचन सर्वांत सुंदर होतं, हळू आणि मायाळू. एका प्रवेशात तो रोबोटसाठी झगा शिवायला तिचं माप घेतो. त्यासाठी तो गुडघ्यांवर बसतो, आणि तेव्हा दोघांची डोकी बरोबरीला येतात. त्या वेळी तिने कुठे बघावं हे अजून ठरत नाहीये. ती म्हणते, टेपकडे, कारण रोबोटला आकडे कळतात. मला वाटतं, त्याच्या डोळ्यांकडे, पापणी न हलवता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘सर, तिने डोळ्यांत बघितलं तर माझा हात थरथरेल, तो थरथरू दे का?’ उद्याच्या तालमीत दोन्ही करून बघायचं ठरलं आहे.